गुणाचं लेकरू

रोहिणीला जाग आली ती ओल्या झंपरानं. दूध गळून पार कमरेपर्यंत आलं होतं आणि छाती ठणकत होती. तिनं शेजारी हात टाकला. बाळ नव्हतं.

मग आठवलं, आज बाळाची पाचवी. नांदूरघाटच्या तिच्या माहेरी सकाळपासून बायकांचा राबता होता. बाळंतपणापासून टक्क जागी असलेल्या लेकीला तिच्या आईनंच, छबुबाईंनीच, जेवण झाल्यावर दटावून आडवं केलं होतं. "पड जरा. आमी हाव की इतक्या जणी. भूक लागल्यावर रडंल, मग आणून देते तुझ्याकडं."

भूक लागल्यावर रडंल! तिथंच तर गोम होती. दिवस भरायच्या आधीच आलेलं, जेमतेम दोन किलोचं पोर ते. रडायलासुद्धा अंगात जोर लागतो. दवाखान्यातल्या सिस्टरनं बजावून सांगितलं होतं, झोपलंय म्हणून सोडायचं नाही, दर दोन तासांनी उठवून पाजायचं. रोहिणीनं ते घरी सगळ्यांना सांगितलं, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि ज्या त्या आपल्या कामाला लागल्या.

खिडकीतली उन्हं कधीच गेली होती. दिवेलागण झाली होती.

रोहिणी तशीच धडपडत बाहेरच्या खोलीत आली. पाटावर सटवाईची पूजा मांडलेली, शेजारी कोरा कागद आणि पेन, आणि समोर दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं तिचं बाळ. भोवती बायका.

"ह्याला कुणी उठवलं होतं का?" तिनं विचारलं.

छबुबाईंनी जावेकडं, भिवराबाईंकडं पाहिलं. "तुमी आत न्हेलंतं न्हवं?"

"मी कशाला? मी तर झोपल्यालंच घेतलं तुमच्या मांडीवरनं."

दुपारभर बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरलं होतं, आणि आधीच्या बाईनं आत नेऊन पाजून आणलंय, असं प्रत्येकीनं धरून चाललं होतं. किती गुणाचं लेकरू, हूं नाही की चूं नाही, असं कौतुक मात्र एकजात सगळ्यांनी केलं होतं.

रोहिणी खाली वाकली, तसा भिवराबाईंनी तिचा हात धरला. "थांब, पोरी! आत्ताच झोपंत हसलं ते. सटवाई खेळवायलीय त्येला, नशीब लिव्हायलीय. तिच्या म्होरनं उचलू न्हाई."

रोहिणीचा हात थबकला. लहानपणापासून हेच ऐकत आली होती ती. उचललं आणि काही वाईट झालं तर? नाही उचललं आणि झालं तर? मग तिनं काकूचा हात झटकला आणि बाळाला उचललं.

बाळाची मान मागं कलंडली.

तिनं कसंबसं दुपटं सोडलं, टोपडं काढलं, तळपायाला टिचक्या मारल्या. काही नाही. ओल्या फडक्यानं तोंड पुसलं. छातीशी धरलं, तर ओठ हललेच नाहीत, दूध नुसतं गालावरून ओघळलं.

"ऊठ रे राजा. ऊठ ना."

"आवो, जीप काढा!" छबुबाई नवऱ्याला हाका मारत अंगणात धावल्या. तोवर रोहिणीनं बोटावर दुधाचा थेंब घेऊन बाळाच्या जिभेला लावला आणि पुन्हा टिचकी मारली, या वेळी जोरात. बाळाचं तोंड वाकडं झालं. किती तरी वेळानं एक बारीकसा, चिरका आवाज निघाला.

आप्पांनी, तिच्या वडलांनी, जीप केजच्या दवाखान्याच्या रस्त्याला घातली. मागं मायलेकी आणि बाळ. दोन घोट ओढले की बाळाचे डोळे पुन्हा मिटायचे. पोटात काही गेलं म्हणून, की अंगातला जोर सरला म्हणून, ते रोहिणीला कळेना. कळत नव्हतं म्हणून ती टिचक्या मारत राहिली. बाळ कण्हल्यासारखं रडायचं, घोट घ्यायचं, पुन्हा गळून जायचं. त्याचा एवढासा तळपाय लालभडक झाला होता.

"आई, माझ्यानं आता मारवत न्हाई गं," ती हुंदके देत म्हणाली.

छबुबाईंनी तिच्या हातातून तो पाय सोडवून घेतला. नातवाच्या तळव्यावर त्यांनी एकदा ओठ टेकवले. मग डोळे घट्ट मिटून, होता नव्हता तेवढा जोर लावून टिचकी मारली.