ड्रिल मशीनपुढे गोष्टीचा तास

"बाई, आता तरी इथं मोठ्यानं बोललं तर चालेल का?"

मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून भोंग्यानं वाचनालयाच्या बाईंना हे विचारलं. भोंगा म्हणजे नववीतली एक मुलगी. आवाज असा, की कुजबुजली तरी पलीकडच्या गल्लीला कळावं. 'हळू बोल' म्हणून याच बाईंनी तिला कितीदा बाहेर काढलं होतं. पण वाचनालयावर वरचा मजला चढू लागला आणि ड्रिल मशीननं सगळ्यांचीच बोलती बंद केली.

"काय?" बाईंनी कानाला हात लावला.

तिनं पुन्हा विचारलं, या वेळी पोटातून. कपाटांवरचं प्लास्टिक झटकणारा शिपाईही वळला. दारामागे मैत्रिणी तोंड दाबून हसत होत्या.

बाई हसल्या नाहीत. "चालेल काय, धावेल. माझा घसा बसलाय. चिमुरड्यांना काही ऐकूच येत नाही, म्हणून शनिवारचा गोष्टीचा तास आजपासून बंद करणार होते. वाचतेस?"

जिन्याखाली चटईवर पोरं चुळबुळत होती. भोंग्यानं पुस्तक उघडलं. पहिल्या दोन ओळी ड्रिलनं गिळल्या. एक चिमुरडी उठून आईकडे निघाली. भोंग्याला असा राग आला म्हणता! शाळेत, घरात, सगळीकडे दाबून ठेवलेला आवाज तिनं मोकळा सोडला. अस्वल गुरगुरलं, पूल करकरला, म्हातारी कडाडली. चिमुरडी अर्ध्यातूनच माघारी फिरून बसली.

अस्वल पुलाच्या मध्यावर पोचलं आणि नेमकं मशीन थांबलं. "कोण आहे रे तिकडे?" भोंग्यानं काढलेला म्हातारीचा आवाज अख्ख्या इमारतीत घुमला. पेपर वाचणारे आजोबा दचकले. परांचीवरून मिस्त्री खाली वाकला.

भोंगा ओशाळली. "सॉरी, काका. करा चालू."

"थांब गं. आधी तुझं अस्वल पलीकडे जाऊ दे, मग भोक पाडतो."

अस्वल पलीकडे गेलं, मशीन सुरू झालं, तरी पोरं हलेनात. त्यांना दुसरी गोष्ट हवी होती. बाईंनी फळ्यावरचं 'तास बंद' पुसून टाकलं.

"पैज जिंकलीस," मैत्रीण म्हणाली.

"कसली पैज?"

घरी गेल्यावर चप्पल काढायच्या आधीच तिनं सांगितलं, "आई, बाबा, बांधकाम संपेपर्यंत शनिवारचा गोष्टीचा तास मी घेणार."

"आणि गणिताचा क्लास?" बाबांनी विचारलं.

"सरांशी बोलून आलेय. रविवारी सकाळी जाईन."

"म्हणजे तू आम्हाला विचारत नाहीयेस," आई म्हणाली.

"नाही. सांगतेय."