खुंट्यांवाचून तंबू

धाकट्याचं लग्न झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. लग्नाचा हॉल दुसऱ्या मजल्यावर होता. फोटोवाला घरच्यांना हाका मारत होता, नवरा-नवरी उभे राहून थकले होते, आणि हे अर्ध्या जिन्यात बसून राहिले होते. मी खाली गेले तर म्हणाले, "जरा हवा खातोय." जिन्यात कसली आलीय हवा. थोरल्या लेकीनं कठड्यावरून वाकून पाहिलं आणि तिला काय ते समजलं. पुढच्याच आठवड्यात ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी सांगितलं, छातीत आयुष्यभराची धूळ बसली आहे. चढण नको, वजन नको, थंडीत जपा. पुढच्या वर्षी तब्येत कशी असेल ते आज सांगता येणार नाही.

ती धूळ कसली, ते आम्हा दोघांना विचारायला नको होतं. आम्ही तंबूच्या कारखान्यातली माणसं. हे कापायच्या टेबलावर, मी शिलाईवर. जाड कापड फाडलं की त्यातून पिठासारखी भुकटी उडते, ती भुवयांवर बसते, डब्यात पडते, श्वासातून आत जाते. आमची ओळखही त्या भुकटीतच झाली. पुढे लग्न झालं, पोरं झाली, आणि आम्ही आपले डोंगरावर जाणाऱ्यांचे, नदीकाठी राहणाऱ्यांचे, शाळांच्या सहलींचे तंबू शिवत राहिलो. स्वतः मात्र एक रात्रही तंबूत काढली नाही. कुणी विचारलं तर हे म्हणायचे, "पाळणा करणारा सुतार काय पाळण्यात झोपतो?"

कारखान्यात एक पद्धत होती. तंबू तयार झाला की तो मागच्या मोठ्या खोलीत उभा करायचा. तिथे भिंतीत आणि फरशीत लोखंडी कड्या बसवलेल्या होत्या. दोऱ्या त्या कड्यांना बांधायच्या, एकानं आत बसायचं आणि दुसऱ्यानं बाहेरून नळीनं पाणी सोडायचं. शिवणीतून पाणी आलं नाही, तर आतल्यानं ओरडायचं, "कोरडं." आलं, तर खडूनं खूण करून तंबू परत शिलाईला. कापणाऱ्यानंच आत बसायचं, असा ह्यांचा हट्ट. नळी माझ्या हातात. पगार घेऊन नवऱ्यावर रोज पाणी सोडणारी मी एकटीच बाई असेन.

थोरली लेक आणि तिची मुलगी आमच्याकडेच राहायच्या. लेक औषधाच्या दुकानात कामाला, आणि जावई जहाजावर. ते वर्षातून दोनदा यायचे, तेव्हा घरात पाव्हण्यासारखे जपून वावरायचे. नातीला तेरावं लागलं होतं. एका जागी बसणं म्हणून माहीत नाही, त्यामुळे तिला सगळे भिंगरीच म्हणत. बापाकडून तिला काही मिळालं असेल, तर ही जायची हौस. फक्त बाप खरोखर जायचा, आणि ही स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून जायची.

कपाटाच्या दाराला आतून तिनं जगातल्या जागांचा क्रम लावून ठेवला होता. धबधब्याच्या मागून चालता येतं अशी जागा, पोटात नदी वाहते अशी गुहा, दोरांचा झुलता पूल, रात्री वाळूत पडून तारे बघायचं वाळवंट. प्रत्येकीचे तिचे शेरे ठरलेले. "पाण्यात उडी मारता येते. भारी." "खूप पायऱ्या, पण वर गेल्यावर रडू येतं म्हणे." "संडास नाही. तरी जायचंच." काही जागांपुढे "आईला सांगायचं नाही" असंही असायचं, आणि ते आईला दिसेल अशा मोठ्या अक्षरांत. मला वाचून दाखवता दाखवता तिचा घसा बसला, तेव्हा कंटाळून तिनं मलाच अक्षरं शिकवायला घेतली. मी आयुष्यात पहिला वाचलेला शब्द "दरी". दुसरा "गुहा". आमच्या गल्लीत ना दरी होती ना गुहा.

डॉक्टरांकडून आल्यानंतरच्या एका संध्याकाळी आम्ही जेवत होतो, तेव्हा भिंगरीनं जाहीर केलं, "पहिला नंबर बदललाय."

"गुहा गेली?" ह्यांनी विचारलं. त्यांना सगळा क्रम पाठ होता.

"गुहा दोनवर. एकवर तळ्याच्या वरचं पठार."

माझी लेक हसली. "ते? ते तर तुझं शेवटून पहिलं होतं. बोअर म्हणायचीस ना, गाडी थेट वर जाते म्हणून?"

"आता भारी वाटतं," भिंगरी ताटात बघत म्हणाली. "गाडी थेट वर जाते म्हणून."

लेकीनं ह्यांच्या ताटात उगाचच आणखी भात वाढला.

"आबा आणि मी," भिंगरी पुढे म्हणाली. "एक रात्र. तंबूत. आजी पण आली तर चालेल."

"उपकार झाले," मी म्हटलं.

लेकीचा आवाज चढला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? रात्री त्यांना दम लागला तर? तिथे काय झाडांना ऑक्सिजन लटकवलाय?"

"झाडांनाच असतो, आई. पाचवीत शिकवतात."

"उलटं बोलू नकोस. बाबा, तुम्ही तरी सांगा तिला."

ह्यांनी हात धुतले, पुसले, आणि परत पाटावर येऊन बसले. ह्यांनी आयुष्यात मागितलं असेल, तर चहात चिमूटभर जास्त साखर. म्हणाले, "मला जायचंय गं."

लेक उठून आत गेली. भांडी जरा जास्तच वाजली. मग तिथूनच आवाज आला, "पंपाचं औषध दोन ठिकाणी ठेवायचं. एक आईच्या पिशवीत, एक बाबांच्या खिशात. अंधार पडायच्या आत तंबू उभा राहिला पाहिजे. नाही राहिला, तर मला फोन करायचा, मी गाडी घेऊन येईन आणि सगळ्यांना उचलून आणीन. कळलं?"

"कळलं," आम्ही तिघं एकदम म्हणालो, शाळेतल्यासारखे.

कारखान्याच्या मालकांनी एक तंबू दिला. ह्यांनी कापलेला आणि मी शिवलेलाच होता, पण एका बाजूला चुकून पिवळी पट्टी लागल्यामुळे कुणी घेत नव्हतं. चूक माझी होती, त्यामुळे मी गप्प बसले. कारखान्याचा टेम्पो त्याच रस्त्यानं पुढच्या गावी माल घेऊन जायचा. टेम्पोवाला जुना ओळखीचा. ह्यांना पुढे बसवत म्हणाला, "काका, आज मालाबरोबर कारागीर पण डिलिव्हरीला?"

"परत नाही आला, तर विकला गेला समज," हे म्हणाले.

"तुम्हाला कोण घेणार? पिवळी पट्टी आहे तुम्हाला."

पठारावर त्यानं आम्हाला उतरवलं, सामान उतरवलं, आणि उद्या सकाळी माल देऊन परततो म्हणून निघून गेला.

मी काही जग पाहिलेलं नाही, तेव्हा माझ्या बोलण्याला किती किंमत द्यायची ते तुम्हीच ठरवा. पण त्या पठाराच्या कडेला उभं राहिलं की खाली तळं दिसतं आणि तळ्यात दुसरं आकाश. गवत वाऱ्यावर इतकं डोलतं की जमीनच सरकतेय असं वाटतं. मी पिशव्या उघडायला लागले, तर भिंगरीनं माझा हात धरला. "आधी नुसतं बघायचं, आजी. फोटो नंतर, सामान त्याच्यानंतर. माझा नियम आहे." मग आम्ही तिघं एका ओळीत, बस यायची वाट बघावी तसे उभे राहिलो आणि नुसतं बघितलं. ह्यांच्या तोंडून एवढंच आलं, "हे असं असतं होय."

मग तंबू उलगडला. ह्यांनी खांब जोडले, मी कापड चढवलं. कोपऱ्याची दोरी हातात घेतली आणि सवयीनं मान वळवून कडी शोधायला लागले. बघते तर पलीकडच्या कोपऱ्यावर हेही दोरी हातात धरून इकडे तिकडे बघतायत.

"कडी कुठाय?" हे म्हणाले.

"कसली कडी?" भिंगरीनं विचारलं. "खुंट्या द्या ना खुंट्या. मी ठोकते."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. खुंट्या आमच्या कारखान्यात कधी आल्याच नव्हत्या. त्या लोहाराकडून परस्पर दुकानात जायच्या आणि तिथेच तंबूच्या पिशवीत पडायच्या. इतकी वर्षं इतके तंबू उभे केले, पण सगळे भिंतीच्या आधारानं. मातीत तंबू उभा करायला खुंटी लागते, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

भिंगरीला आधी पटेना. मग ती गवतात आडवी पडून पोट धरून हसली. "तंबूवाले," म्हणाली, "जगातले एकमेव तंबूवाले, जे भिंत विसरले म्हणून अडले."

आम्हीही हसलो. पण हसता हसता ह्यांना ठसका लागला आणि तो थांबेना. मी पंप दिला. ते दगडावर बसले, ओठ जरा निळसर झाले होते. वारा वाढला होता, ऊन तळ्याच्या पलीकडे उतरायला लागलं होतं, आणि आमचा तंबू जमिनीवर पडून अंगात आल्यासारखा फडफडत होता.

"फोन लाव आईला," मी भिंगरीला म्हटलं. "बोलल्याप्रमाणे वागायला हवं."

तिनं फोन काढला. बघत राहिली. हसू पार गेलं होतं. "आजी, आज परत गेलो तर आई पुन्हा पाठवणार नाही."

"नाही."

"आणि पुढच्या वर्षी..."

ती थांबली. आबा ऐकतायत हे तिच्या लक्षात आलं. हे तळ्याकडेच बघत होते. म्हणाले, "अजून अंधार पडलेला नाही. आईनं अंधार म्हटलं होतं."

भिंगरी एकदम उठली. "वाळवंट," म्हणाली. "माझ्या वाळवंटात खुंटी टिकत नाही. वाळूतून उपटून येते. तिथले लोक पिशव्या भरतात आणि पुरतात. दोरी पिशवीला बांधायची, पिशवी आडवी गाडायची, वर दगड."

तिनं आपली शाळेची बॅग उलटी केली. माझ्या दोन कापडी पिशव्या, उशांचे अभ्रे, ह्यांचे लोकरी मोजे, सगळं बाहेर आलं. पायवाटेच्या कडेला माती भुसभुशीत होती. भिंगरी जेवायच्या ताटलीनं खणायला लागली, मी कालथ्यानं. हे उठू लागले तशी ती ओरडली, "आबा, तू खणायचं नाहीस. तू गाठी मार." हे दगडावर बसून खड्यांनी भरलेली एकेक पिशवी मांडीवर घेत आणि दोरीची गाठ मारत. मोज्याची गाठ मारताना म्हणाले, "ह्या मोज्याला घरी परत नेलंस तर तुझी आई मला विचारेल, बाबा कुठे चालून आलात."

सूर्य टेकला तेव्हा तंबू उभा होता. एका बाजूला कललेला, पिवळी पट्टी वर, पण उभा. भिंगरीनं चारही दोऱ्यांना हिसके देऊन पाहिलं. मग आईला फोन लावला. "उभा आहे. हो. अंधाराच्या आधी. खुंट्या?" माझ्याकडे बघून तिनं डोळे मोठे केले. "एकदम मजबूत बांधलाय, आई."

आत आम्ही तिघं दाटीवाटीनं पडलो. हे छताच्या शिवणीवरून बोट फिरवत होते.

"दोन नंबरला गुहा ना?" त्यांनी विचारलं.

"हो. पण आबा, तिथे खूप चालावं लागतं."

"मग तू जाऊन ये. मी ऐकेन."

"आणि पूल?"

"पूलही ऐकेन. फक्त नीट सांगायचं. नुसतं भारी भारी म्हणून उरकायचं नाही."

ती सांगत राहिली. गुहेतलं पाणी कसं काळं असतं, पुलावर खाली का बघायचं नाही. न पाहिलेल्या जागा ती अशी सांगत होती की मला वाटलं, मीच जाऊन आलेय. मध्येच कधीतरी दोघंही झोपले. ह्यांचा श्वास घरघरत होता, पण लयीत होता. मी तो ऐकत झोपले.

सकाळी जाग आली तर बाहेर पांढरं धुकं. मी आणि भिंगरी बाहेर आलो. तंबूवर दव निथळत होतं. भिंगरीनं पाण्याचा मोठा डबा उचलला.

"आजी, टेस्ट राहिलीये."

"अगं, झोपू दे त्यांना."

"पद्धत म्हणजे पद्धत." आणि तिनं अख्खा डबा शिवणीवरून ओतला.

आतून काही आवाज नाही.

ती माझ्याकडे बघायला लागली. डबा तिच्या हातात तसाच. "आबा?" ती हळूच म्हणाली. मी पडद्याला हात घातला.

तेवढ्यात आत खोकला झाला. घसा साफ केला गेला. आणि मग, कारखान्यातल्या मोठ्या खोलीत ओरडायचे अगदी त्याच सुरात, हे ओरडले, "कोरडं."

भिंगरी मटकन खाली बसली आणि ओल्या गवतात बसूनच रडली. पडद्यातून डोकं बाहेर काढून ह्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हिला काय झालं? पास झालाय की तंबू."

घरी आल्यावर तिनं कपाटाच्या दारावर पठारापुढे शेरा लिहिला. मी तो एकटीनं वाचला, कुणाची मदत न घेता. "प्रत्येकानं एकदा जायलाच हवं. खुंट्या न्या. आबा न्या."

पुढे ती गुहा पाहून आली, पूलही पाहून झाला तिचा. ते ऐकायला मात्र मीच होते. हे त्याच वर्षी थंडी सरता सरता, एका मंगळवारी सकाळी, घरी आपल्या पलंगावर गेले.