पुरातली कोरडी जागा

मी पाणी करते. काय काम करतेस असं कुणी विचारलं की मी एवढंच सांगते आणि समोरच्याचा चेहरा बघत बसते. गेम बनवणाऱ्या एका कंपनीत मी नोकरीला आहे. आमच्या नव्या गेममध्ये एक अख्खं शहर हळूहळू बुडतं, आणि ते बुडवायचं काम माझ्याकडे आहे. इमारती, झाडं, गाड्या करणारी मंडळी वेगळी आहेत आणि ती स्वतःला फार मोठे कलाकार समजतात. समजोत बापडी. शेवटी त्यांचं सगळं माझ्याच पाण्याखाली जातं.

खेळ सोपा आहे. शेकडो खेळाडू आपापल्या घरी बसून एकाच वेळी त्या शहरात उतरतात. पाणी चढू लागतं, तसे ते जिने चढतात, गच्च्यांवर पळतात, एकमेकांना खाली ढकलतात. उंचावरून पडून कुणी मरत नाही, पण पाण्यात पडला तो बुडून बाद. शहरात शेवटचा एक जण उरला की तो जिंकला आणि फेरी संपली. या शहरात जिकडेतिकडे खऱ्या कंपन्यांच्या जाहिराती आहेत, कारण आमचे पगार त्यांतूनच निघतात. शीतपेयाची बाटली, बुटांची पाटी, मोबाईलचा टोलेजंग फलक. "बसस्टॉपवर जाहिरात नसली की तो बसस्टॉप खोटा वाटतो," असं आमच्या मॅडम म्हणतात. पटतं मला. जाहिराती नसलेलं शहर आपण पाहिलंय कुठे?

पण जाहिरात आली की तिच्यामागून अटी येतात. बूटवाल्यांना त्यांच्या पाटीजवळ मारामारी नको. पेयवाल्यांना बाटली फुटलेली चालत नाही. मोबाईलवाल्यांनी तर कमालच केली, पुराच्या गेममध्ये आपला फलक बुडता कामा नये म्हणे! त्यांना सगळ्यात उंच टॉवरचं टोक देऊन गप्प केलं. या धंद्यात अशा अटींचा कुणी विचार करत नाही. आली अट की त्या वस्तूभोवती कुंपण घालायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. मीही तेच केलं, म्हणून तर हे सगळं घडलं.

माझे काका छत्र्या बनवतात. आजोबांनी सुरू केलेलं दुकान, मागे छोटासा कारखाना. छत्री उघडून दाखवताना काकांचा चेहरा अजूनही उजळतो. पण दुकानासमोर नवी इमारत उभी राहिली आणि आजोबांच्या नावाची पाटी तिच्यामागे झाकली गेली. तेव्हापासून काका गप्प गप्प असायचे. "गिऱ्हाईक कमी झालं तर चालवून घेऊ," ते मला म्हणाले होते, "पण नाव दिसेनासं झालं ना, की आपण असून नसल्यासारखे." 

मी मॅडमच्या मागे लागले. शहराच्या मधोमध एक चौक होता. तो सखल भागात असल्यामुळे सगळ्यांत आधी बुडायचा, त्यामुळे तिथली जागा कुणी घेत नव्हतं. "घे ती तुझ्या काकांना," मॅडम म्हणाल्या, "फुकट दिली." त्या चौकात मी एक उघडी छत्री उभी केली. चार मजली उंच, काळी कुळकुळीत, आणि कापडावर चहूबाजूंनी आजोबांचं नाव, दुकानाच्या पाटीवर आहे त्याच वळणात. काकांना घरी स्क्रीनवर दाखवली. त्यांनी एकेका अक्षरावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "फक्त एक कर, शहाणे. त्या अक्षरांना पाणी लागू देऊ नकोस."

घ्या! तेसुद्धा अट घालून मोकळे.

खरं तर प्रत्येक अक्षर पाण्यापासून वेगळं राखायला हवं होतं. पण ते किचकट काम, आणि माझ्या डोक्यावर इतर दहा कामं. मी पाण्याला सरळ सांगून टाकलं, या छत्रीच्या आसपास फिरकायचंच नाही. छत्रीच्या घेराहून थोडा मोठा एक गोल आखला, जमिनीपासून थेट आभाळापर्यंत, आणि विसरून गेले.

आमच्याकडे एक माणूस गेम मोडून दाखवायचा पगार घेतो. सगळे त्याला मोडतोड म्हणतात. आम्ही केलेल्या कामात चूक सापडली की त्याला जेवण गोड लागतं. पण माझा तो गोल त्यालाही सापडला नाही. पुरात माणूस वर पळतो, सखल चौकात खाली कोण जाऊन बघणार?

गेम सगळ्यांसाठी पहिल्यांदा खुला झाला तो एका रविवारी दुपारी. काका इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसात आले. चष्मा पुसला, परत पुसला आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत हात जोडल्यासारखे बसले. फेरी सुरू झाली. चौकातून अख्खा लोंढा धावत गेला. छत्रीखालून गेला, छत्रीला वळसा घालून गेला. मान वर करून एकानंही बघितलं नाही.

"कुणी वाचत नाहीये गं," काका हळूच म्हणाले.

"आत्ता घाई आहे त्यांना, काका," मी म्हटलं. पण मला फार वाईट वाटलं. एवढ्या लांबून या माणसाला बोलावलं ते हे दाखवायला?

पाणी चढलं. चौक गेला, दुकानं गेली, गच्च्यांवर झोंबाझोंबी सुरू झाली. सगळ्यांचं लक्ष वर. तेवढ्यात मोडतोड त्याच्या जागेवरून ओरडला, "पाणीवाल्या बाई! एक जण गच्चीवरून पडलाय आणि मेलेला नाही. उभा आहे तो. खाली चौकात उभा आहे!"

मी कॅमेरा खाली नेला, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

पूर छत्रीच्या घेराबाहेर येऊन थांबला होता. विहिरीच्या भिंती असाव्यात तसं पाणी चारही बाजूंनी उभं होतं, इमारतींच्या उंचीचं, आणि मध्ये चौकातले दगड ठणठणीत कोरडे. त्या भिंतींच्या आत झाडं डुलत होती. बंद दुकानांचे दिवे अजून जळत होते. एक बस आडवी होऊन संथपणे तरंगत गेली, तिच्या अंगावर बुटांची जाहिरात होती. वरून हिरवा उजेड झिरपत होता. आणि मधोमध ती छत्री, तिच्याखाली तो एकटा खेळाडू मान वर करून स्वतःभोवती गोल फिरत होता. ही माझी घोडचूक होती हे मला त्याच क्षणी कळलं होतं. तरी मी घाबरायचं विसरले. इतकी वर्षं मी पाणी करते, पण पाणी एवढं मोठं असतं हे मला त्या दिवशी कळलं. मी ते नेहमी वरूनच बघत आले होते.

काका खुर्चीतून अर्धवट उठले होते. "हे तू केलंस?"

"चुकून केलं," मी म्हटलं.

एकाचं बघून दुसऱ्यानं गच्चीवरून उडी घेतली. मग तिसरीनं. बघता बघता वरून माणसं टपाटप पडू लागली. मोडतोडनं हात चोळले. "आता बघा गंमत. एवढ्याशा जागेत कशी जुंपते ते बघाच." मलाही तेच वाटलं. या खेळात बक्षीस एकालाच मिळतं, आणि शेजारच्याला पाण्याच्या भिंतीत ढकलायला कोपरखळी पुरे.

पण कुणी कुणाला ढकललं नाही. ते सगळे त्या पाण्याकडे बघत होते. खेळाडू माइकवर बोलतात ते आम्हाला ऐकू येतं. आधी नुसते श्वास ऐकू आले. मग एक बाई अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "आई गं, केवढं आहे हे!" कुणीतरी म्हणालं, "अजून येताहेत वरून, जरा आत सरका." आणि ते सरकले! "ताई, इकडे या, जागा आहे." "अहो, तुमच्यामागे भिंत आहे, सांभाळा." मघाशी एकमेकांना गच्चीवरून लोटणारी हीच माणसं, आणि आता लग्नघरातल्यासारखी एकमेकांना जागा करून देत होती. मी तोंडात बोट घालून बघत राहिले.

"बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तो हाच," मोडतोड म्हणाला. त्याच्या आवाजातला खोडसाळपणा गेला होता.

मग छत्रीखालच्या कुणीतरी कापडातून आत उमटलेली उलटी अक्षरं जुळवत आजोबांचं नाव मोठ्यानं वाचलं. दुसऱ्यानं वाचलं. "ही खरी कंपनी आहे का हो?" "माहीत नाही, पण छत्री असावी तर अशी."

"वाचलं," काका म्हणाले. "वाचलं गं त्यांनी." त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की माझ्या बोटांना कळ लागली.

नेमक्या तेव्हा मॅडम धावत आल्या. "फेरी का संपत नाहीये? बाहेर हजारो लोक पुढच्या फेरीसाठी ताटकळलेत. मोबाईलवाले फोनवर विचारताहेत की टॉवरवर एक चिटपाखरू कसं नाही." त्यांनी माझी स्क्रीन पाहिली. मग म्हणाल्या, "सुंदर आहे. आता काढून टाक तो गोल."

"तो जाहिरातीच्या अटीतला आहे, मॅडम. मालकाच्या होकाराशिवाय हात लावता येत नाही."

मालक माझ्या शेजारीच बसलेले होते. मॅडमनी आवाज मऊ केला. "काका, तुमची हरकत नाही ना?"

"काढला तर काय होईल?"

"पाणी आत येईल."

"आणि ही मंडळी?"

"बुडतील. खेळच तसा आहे."

"माझ्या छत्रीखाली आलेली माणसं?"

"काका, ती खरी बुडणार नाहीत. घरी सोफ्यावर बसलीत सगळी."

"मी म्हातारा झालोय, बाई. खुळा झालेलो नाही," काका म्हणाले. "सोफ्यावर बसलीत हे मला ठाऊक आहे. पण आसरा म्हणून ती इथे आली. आणि कधी नव्हे ते आमचं नाव कुणी वाचलं, ते याच जागेवर वाचलं."

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांचंही चुकत नव्हतं. फेरी संपवायलाच हवी होती, नाहीतर पहिल्याच दिवशी गेमचा बोऱ्या वाजला असता. काकांनी चष्मा काढला, डोळे टिपले, परत लावला.

"शहाणे," ते म्हणाले, "छत्री उलटी करता येते का?"

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. वाऱ्यानं उलटलेली छत्री घेऊन एखादं गिऱ्हाईक दुकानात आलं, तर काका त्याच्या नजरेला नजर देत नाहीत. कारखान्यात गंमत म्हणूनही कुणी छत्री उलटी धरत नाही. आणि नाव तर कापडाच्या बाहेरच्या अंगाला.

"उलटी केली तर अक्षरं खाली जातील, काका. पाण्यात."

"जातील."

"एकही दिसणार नाही. कुणालाच."

"मी काय विचारलं? करता येते का?"

 "येते," मी म्हटलं.

मोडतोड स्वतः गेममध्ये उतरला आणि छत्रीखालच्या सगळ्यांना कडेला घेऊन उभा राहिला. मी छत्री उपटली आणि हळूहळू कलती केली. आजोबांचं नाव एकदा सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं, मोठं, स्वच्छ, कोरडं, आणि खाली दगडांवर टेकलं. दांडा वर आला, त्याची वळलेली मूठ आभाळात गेली. "चढा!" मोडतोड म्हणाला. कुणी काय ते विचारलं नाही. काड्यांना धरून, एकमेकांना हात देत, खालच्यानं वरच्याला खांदा देत सगळी माणसं आत चढली. मग मी गोलाला जमिनीलगत जरासं उघडलं. आजवर मी पाणी फक्त अंगावर सोडलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा ते बेतानं आणलं, आधी घोट्याएवढं, मग गुडघ्याएवढं. छत्री हलली, डुलली आणि उचलली गेली.

कुणी ओरडलं नाही. माइकवरून कुणीतरी रडत होतं, कुणीतरी हसत होतं. छत्री पाण्याबरोबर वर वर आली, तसा मी तो गोल पुसून टाकला. गच्च्यांवर उरलेले शेवटचे लोक हातातल्या काठ्या टाकून तिच्यात उतरले. टॉवरवरच्या मोबाईलच्या फलकाशेजारून ती गेली तेव्हा त्यातल्या एकानं फलकाला हात लावून छत्री अलगद पुढे लोटली. शहराच्या हद्दीवर खेळाडूंना अडवणारी एक अदृश्य भिंत असते. ती मी कुणालाही न विचारता काढून टाकली. छत्री बाहेर पडली, शहर रिकामं झालं आणि फेरी आपोआप संपली. विजेत्याच्या नावाची पाटी कोरीच झळकली. मॅडम त्या कोऱ्या पाटीकडे बघत राहिल्या, मग काकांकडे बघून त्यांनी मान लववली आणि पुढची फेरी लावायला गेल्या.

दुसऱ्या फेरीचा गलका सुरू झाला. माझ्या स्क्रीनवर मात्र ती छत्री अजून होती. भोवती नुसतं पाणी आणि नुसतं आभाळ, आणि तिच्यात दाटीवाटीनं उभी असलेली माणसं. पुढची फेरी सुरू झाली हे त्यांना कळलं होतं. तरी एकही जण उतरला नाही. काठाशी गर्दी करून ती पुढे बघत होती.

"पुढे काय आहे?" काकांनी विचारलं.

"काही नाही, काका. शहराच्या पुढे मी काही केलेलंच नाही."

"मग बसलीस काय नुसती?" काकांनी आपली खुर्ची माझ्याजवळ ओढली. "कर की. निघालीत ती."