टाळीनं खाल्लेले दोन ठोके

मी पलटणीचा मोठा ढोल बोलतोय. माझ्या एका हाकेसरशी आठशे जवानांचे डावे पाय एकदम जमिनीवर पडायचे, कर्नलसाहेबांचासुद्धा. आता खरं सांगून टाकतो, नाहीतर माझं पोट फुगायचं, आणि ते तसंही फुगलेलंच आहे. हाक माझी नव्हती. बाहेरून बोंडाची काठी सणसणीत बसायची आणि मी कोकलायचो. कोकलणाऱ्याच्या मागं आठशे माणसं चालत असतील तर त्यात माझा मोठेपणा किती, हे तुम्हीच ठरवा.

माझा जन्म मेरठचा. एका गल्लीत लाकडाची फळी वाफेवर वाकवून तिचं कडं केलं, दोन्ही तोंडांना कातडं ताणलं आणि दोऱ्यांनी नागमोडी आवळलं. कातडं कुणाचं ते मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पोटावर पलटणीचं चिन्ह रंगवलं, खाली नाव घातलं. ते नाव मी इथं घेणार नाही. मी पुढं जे बोलणार आहे ते ऐकून पलटण म्हणेल, हा आमचा नव्हेच.

शिक्षण म्हणाल तर डावा-उजवा एवढंच झालं. त्यातला उजवा मला शेवटपर्यंत आला नाही, कारण ठोका डाव्यावर असतो.

मला गळ्यात घालणारा गडी होता सिद्दीक, भीमाकाठच्या वडगाव रासाईचा. ढोलवाल्यानं अंगावर वाघाचं कातडं घालायचं, अशी बँडची रीत. आमचा वाघ कापडावर छापलेला होता. पोरंबाळं त्याला बघून आयांच्या मागं लपायची, आणि हा वाघ मला हळूच म्हणायचा, "नीट बस की बाबा, बरगड्या मोडल्या माझ्या."

मला एक खोड आहे. कातड्याचा जीव असल्यामुळं मी उन्हात ताणतो, दवात सैल पडतो. साहेबलोक तपासणीला आले की मी मुद्दाम ओल धरायचो. सिद्दीक जीव खाऊन मारायचा आणि मी म्हणायचो, "भप्प." एकदा एका बड्या पाहुण्यानं भर दुपारी दीड तास भाषण ठोकलं. मी तापलो, तापलो, आणि देशासाठी प्राण द्यायला तो तयार असल्याचं तो सांगत असतानाच माझी एक दोरी ताडकन तोडली. पाहुणा टेबलाखाली गेला. सिद्दीकला त्यावरून चार दिवस बोलणी बसली, पण रात्री माझ्या पाठीवर थाप मारून तोच हसत होता.

लोकांविषयी मात्र मी हसून बोलू शकत नाही. मला तोंडं दोन आहेत, आणि दोन्हीकडून मी रागावलेला आहे.

तीस वर्षं मी लोकांसमोर वाजलो. पहिली चाल सुरू झाली की निम्मे लोक राष्ट्रगीत समजून ताठ उभे राहायचे. शेजारी बसलेला दिसला की हळूच पँट झटकून, जणू धूळच झटकायला उठलो होतो असं दाखवून बसायचे. आणि शेवटी खरंच राष्ट्रगीत लागलं की हेच लोक कुठं असायचे? स्टँडवर, मोटारसायकली काढत. गर्दीत अडकायला नको. पुढं मोबाईल आले. मग तर आमच्यासमोर माणसंच राहिली नाहीत, नुसते वर केलेले हात. चाळीस माणसं ऊर फुटेस्तोवर फुंकतायत आणि समोरचा आपली मान वळवून आमच्याकडं पाठ करतो, कारण फोटोत तो पुढं हवा. एकानं तर चाल चालू असताना बँडमास्तरच्या खांद्यावर बोट ठोकून विचारलं, "साहेब, लग्नाची सुपारी घेता का?"

असो. माझ्या कड्याला चीर गेली. तिच्यावर पत्र्याची पट्टी ठोकली, तरी आवाज फाटला तो फाटलाच. मग प्लास्टिकच्या तोंडाचा नवा ढोल आला. त्याला ऊन लागत नाही, दव लागत नाही. अशाला आवाज असतो, स्वभाव नसतो. मला मोडीत काढलं, त्याच वर्षी सिद्दीकही निवृत्त झाला. लिलावात त्यानं मला ओळखलं आणि घरी आणलं. गावात त्यानं माझी चीर सरसानं भरली, कातडं नवं चढवलं, आणि मी पुन्हा पहिल्यासारखा बोलू लागलो. पण ऐकायला कुणी नव्हतं. रोज सकाळी पडवीत दहा ठोके, मग गोधडी.

गावात त्याला सगळे मामा म्हणतात. गावचे माजी सरपंच हौशीराम आप्पा. त्यांना कुठल्याही कार्यात आवाज लागतो. बोअरला पाणी लागलं तरी फटाके. नातवाचं, स्वराजचं, लग्न ठरलं तेव्हा ते पडवीत येऊन बसले.

"मामा, वरातीत तुमचा ढोल पायजे."

"आप्पा, हा पलटणीचा हाय. वरातीत न्हाई वाजत."

"म्हंजी आमची पलटण न्हाई व्हय? पाचशे माणूस हाय वरातीत, आन् तुमच्या जवानांपेक्षा जास्त प्यालेलं."

सिद्दीक हसला, पण मला दिलं नाही. आप्पा गेल्यावर मुलीला, निलोफरला म्हणाला, "बँड म्हनलं की यांना वरातच दिसती. येकदा, फक्त येकदा, माझ्या गावानं खरा बँड ऐकावा. मग म्या ढोल खाली ठिवायला मोकळा." त्याचं उजवं मनगट आता थरथरतं. फार दिवस काठी धरवणार नाही, हे त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही, कारण थरथर आधी माझ्या अंगावर उमटते.

आणि बोलावणं आलं. दौंडच्या मैदानावर लष्कराचा बँड लोकांसाठी वाजणार होता. जुन्या वादकांनी आपापलं वाद्य घेऊन यावं, एक चाल बँडबरोबर वाजवावी.

चाल आमचीच, जुनी. तिच्यात एक जागा आहे. चाल निम्मी झाली की चाळीसच्या चाळीस वाद्यं एकदम गप्प होतात. श्वाससुद्धा ऐकू येतो. त्या गप्पपणात एकटा ढोल तीन ठोके देतो. पहिला साधा. दुसरा जरा थांबून, हलका. तिसरा असा की ऐकणाऱ्याच्या छातीत वाजावा. मग सगळा बँड उसळून उठतो. अख्ख्या चालीत माझं आणि सिद्दीकचं स्वतःचं असं एवढंच.

निलोफर शिक्रापूरला कंपनीत कामाला आहे, तिथंच खोली घेऊन राहते. रजा काढून आली होती. ती म्हणाली, "अब्बा, गावाला आधी सांगून ठेवा की तीन ठोके येणार म्हणून."

"न्हाई. सांगून केलेली गंमत कसली? दचकू देत की."

मला हे फार आवडलं. जन्मभर मी दुसरं केलंय काय?

तर चार दिवसांमागची गोष्ट. वडगावातून दोन टेम्पो भरून निघाले. पूल ओलांडला, चौफुल्याला चहा झाला, दौंडला पोचलो तर मैदान माणसांनी भरलेलं. कुरकुंभच्या कंपन्यांतून पहिल्या पाळीचे कामगार डबे हातात घेऊन तसेच आले होते. सिद्दीकनं कडक इस्त्रीचा जुना कोट घातला, छातीवर पदकं लावली, मला लिंबाखाली स्टँडवर ठेवलं आणि तो बँडमास्तरला भेटायला गेला. जाताना मला म्हणाला, "आज तरी खोडी करू नगंस."

खरं सांगतो, मी करणार नव्हतो.

पण कुशाबाई आली. सिद्दीकच्या शेजारची, ऐंशीची म्हातारी. त्याची आई गेल्यावर याला भाकरी हिनंच घातलेली, म्हणून तो तिला मावशी म्हणतो. हिच्या घरात नवा पाटा आला तरी हळदकुंकू लागल्याशिवाय त्याच्यावर मिरची वाटली जात नाही. तिनं पिशवीतून तांब्या काढला. मला वाटलं, प्यायला पाणी असेल. तिनं पदर खोचला आणि माझं उजवं तोंड सबंध धुऊन काढलं. नुसतं शिंपडलं नाही, धुतलं, बैलाची मान धुवावी तसं चोळून. मग पाच बोटं हळदीची, पाच कुंकवाची. आप्पांनी माझ्या पायाशी नारळ फोडला आणि उरलेलं पाणी प्रसाद म्हणून तेही माझ्याच तोंडावर. "पलटणीचा देव हाय," म्हणाले.

"आजी, पाणी नका घालू," करत निलोफर लांबून पळत आली, तोवर मी चिंब झालो होतो.

सिद्दीक आला, सवयीनं एक ठोका दिला. मी म्हणालो, "भप्प."

त्यानं माझ्याकडं बघितलं ती नजर मी विसरणार नाही. त्याला वाटलं मीच केलं. जन्मभर ज्यानं खोड्या केल्या त्यानं एक दिवस शहाणं व्हायचं ठरवलं, तर त्याच दिवशी दुसऱ्याची करणी त्याच्या नावावर पडली. मी ओरडून सांगणार होतो, पण माझ्या तोंडाला आवाज कुठं होता?

मग त्याला हळद दिसली. बँडमास्तरनं प्लास्टिकवाला पुढं केला, तर यानं मान हलवली. पट्टा सोडला, मला गर्रकन फिरवलं आणि कोरडं तोंड उजव्या हाताला घेतलं. त्यामुळं झालं काय, की पलटणीचं रंगवलेलं चिन्ह त्याच्या पोटाला चिकटलं आणि माझी पत्र्याचं ठिगळ लावलेली पाठ सगळ्या दौंडसमोर आली. माझी लाज गेली, पण आवाज राहिला.

चाल सुरू झाली. सिद्दीकचं मनगट एकदा कापलं, मग स्थिर झालं. मी असा वाजत होतो की बँडच्या पुढं काठी नाचवणाऱ्या मेजरनं मागं वळून बघितलं. लोक गप्प होते. मोबाईल वर होते, तरी गप्प होते. कुरकुंभचा एक कामगार डब्याच्या झाकणावर बोटानं ताल धरून होता आणि बरोबर धरून होता. मला पहिल्यांदाच वाटलं, ऐकतायत.

निम्मी चाल झाली. चाळीस वाद्यं गप्प झाली.

पहिला ठोका मी दिला. मैदानाच्या पार टोकाला जाऊन परत आला.

सिद्दीकनं दुसऱ्यासाठी हात उचलला, आणि टाळ्या पडल्या. आधी एकाच जागेवरून, वडगावकरांतून, मग सगळीकडून. आप्पांनी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. कामगारांनी डबे बडवले. माझ्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी टाळी होती ती. तिच्याखाली मी दुसरा ठोका दिला, तो मलाच ऐकू आला नाही. तिसरा सिद्दीकनं जीव ओतून मारला, तो टाळीनं कच्चा खाल्ला. मग बँड उसळला, चाल संपली आणि शेवटी टाळी वाजवायच्या जागी लोक उठून वडापावच्या गाडीकडं निघाले.

आता मला सांगा, रागवू नको तर काय करू? लग्नात जेवण वाढायच्या आधी कुणी हात धुऊन निघून जात नाही. कीर्तनात बुवा श्वास घ्यायला थांबला तर कुणी त्याला हार घालत नाही. मग वाजवणारा एक क्षण थांबला की तुमचे हात का शिवशिवतात? माझी पूजा करता, मला देव म्हणता, माझ्यासमोर फोटो काढता. हे सगळं करा, पण आधी ऐका की लेको. गप्प बसणं हेही वाजवणंच असतं. हात जोडून सांगितलं असतं, पण मला हात नाहीत, म्हणून तुम्ही तुमचे थोडा वेळ जोडून ठेवा. शेवटी सोडा. तेव्हा काय कडकडाट करायचा तो करा, मी फुटलो तरी चालेल.

आज मी पडवीत आहे. सिद्दीकनं अजून मला हात लावलेला नाही. धुतलेलं तोंड वाळताना आक्रसलं आणि हळदीची पाच बोटं गालावर तशीच राहिली. ज्यानं त्यानं येऊन बघावं, कुणाच्या हातचा मार खाल्लाय ते.

पण त्या दिवशी मैदानावर काय झालं ते राहिलंच. चाल संपल्यावर सिद्दीक मला पोटावर घेऊन तसाच लिंबाखाली आला. कोटाची वरची गुंडी त्यानं उपटूनच काढली. वडगावचे सगळे तोंडभर हसत उभे होते. आप्पा म्हणाले, "मामा, मैदान गाजवलंत."

"काय गाजवलं, आप्पा? त्या जागेसाठी म्या आलो हुतो. तीन ठोके. येक निघाला आन् तुमी वरातीवानी शिट्ट्या मारल्या. दोन ठोके गेले माझे."

"आमाला काय ठावं? मला तर या मावशीनं कोपरानं ढोसलं. म्हनली, वाजीव."

सिद्दीक कुशाबाईकडं वळला. इतक्या वर्षांत तिच्यावर त्यानं आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. "तू? मावशे, आधी पाण्यानं त्याचा गळा धरलास, मग टाळ्या तूच सुरू केल्यास? मधीच? कान हुते कुठं तुझं? त्यो ठोका ऐकला न्हाईस तू?"

कुशाबाईनं तांब्या पिशवीत टाकला आणि पदर सोडला.

"ऐकला की. समदी शानी मानसं गप झाली आन् तू येकलाच बडवत ऱ्हायलास. म्हनलं, पोरगं चुकलं, आता दौंडभर हसं हुतंय. तुझी चूक झाकाया हात लाल केलं म्या, आन् वर मलाच इचारतुयास?"