परतीच्या वाघिणी

“अगं, दगड भरून गेलेली मालगाडीची वाघीण परत येताना मोकळी कशी येईल?” तोंडात दात घासायचा ब्रश तसाच ठेवून यांनी मला विचारलं. फेस सदऱ्यावर ओघळला होता, त्याचं काही नाही.

“मला काय माहीत? मी काय गार्ड होते?”

“काहीतरी भरूनच येत असणार ना!”

“अहो, आधी चूळ भरा.”

सध्या आमच्या घरात हे असं चाललं आहे. हे जन्मभर चष्म्याच्या दुकानात काचा घासत होते. निवृत्त झाले आणि मागची खोली बळकावून बसले. तिथे पलंगाएवढ्या फळीवर यांनी लहानपणचं स्टेशन उभं केलं आहे. माझे सासरे त्या स्टेशनवर सांधेवाले होते, म्हणजे गाडीसाठी रूळ बदलून द्यायचं त्यांचं काम. खाणीतला दगड वाहून नेणारा तो वाफेच्या गाड्यांचा लहानसा फाटा होता. रूळ कधीच उखडून नेले. फळीवर मात्र सगळं आहे. फलाट, मालधक्का, पाण्याची टाकी आणि सांधेवाल्याची ती एक खोली, जिच्यात यांचा जन्म झाला.

अवदसा मलाच आठवली. फळीवरची छोटी गाडी गोल फिरते. दगड भरलेल्या वाघिणी मागे लावलेल्या पडद्याआड जातात आणि दुसऱ्या बाजूने तेच दगड घेऊन परत येतात. एकदा पालेभाजी निवडता निवडता मी बोलून गेले, “अहो, नेलेले दगड परत कशाला आणताय खाणीत?” झालं! त्या दिवसापासून यांची झोप उडाली.

मग शोध सुरू झाला. रेल्वेच्या कचेरीत गेले, तर जुने कागद केव्हाच रद्दीत गेले होते. फोटो शोधले, तर जो तो इंजिनासमोर छाती फुगवून उभा, मालाच्या डब्याचा फोटो कोण कशाला काढतोय! एक म्हातारे गार्ड सापडले. ते म्हणाले, “डब्याला सील असायचं साहेब. आत काय आहे हे बघायचं नाही, त्याचाच तर पगार मिळायचा.” हे घरी आले ते तणतणतच. उभ्या उभ्या जेवायचे, मध्येच ताटावरून उठून खोलीत जायचे. एकदा तर चहात साखरेऐवजी यांनी मीठ घातलं, प्यायलेही आणि मलाच विचारलं, “चुना पोत्यातून येत असेल का गं?”

विचारायला आता एकच माणूस उरलं होतं. माझ्या नणंदबाई, यांच्या थोरल्या बहीण. त्यांचा मुलगा त्यांना कायमचं आपल्याकडे नेणार होता, दूर, विमानाने. शिवाय त्यांना हल्ली विसरायला होतं. आज कळलं नाही तर कधीच नाही, हे यांना पक्कं ठाऊक होतं.

मला या शोधाचा राग यायचा, त्याला एक कारण होतं. हे रांगत होते तेव्हा यांची आई गेली. तिचा फोटो नाही, यांना आठवण नाही. वन्संनीच यांना वाढवलं. इतक्या वर्षांत यांनी आईबद्दल त्यांना एक शब्द विचारला नाही, आणि चुन्याच्या पोत्यासाठी जीव टाकत होते. माणसाने कशाच्या मागे लागावं याला काही धरबंध?

वन्संच्या घरी बॅगा भरून ठेवल्या होत्या. यांनी चपलांच्या खोक्यातून वाघिणी काढून पलंगावर ओळीने मांडल्या.

“ताई, नीट आठवून सांग. परत येताना हिच्यात काय असायचं? आणि या बंद डब्यात?”

वन्संनी एकेक वाघीण उचलली, हात फिरवला, खाली ठेवली. खोक्यात डोकावल्या. “इंजिन कुठंय रे, बाळ्या?”

सत्तरी गाठलेले बाळ्या म्हणाले, “इंजिन कशाला? मी मालाचं विचारतोय.”

“इंजिन नाही आणलंस? मग काय सांगू मी!” वन्सं हिरमुसल्या. “आमचं सगळं लक्ष इंजिनाकडं. आई बादली घेऊन पळायची ना.”

“कशाला हो वन्सं?” मी विचारलं.

“गरम पाण्याला. डबे जोडेपर्यंत गाडी उभी राहायची. इंजिनावरचा आगवाला नळी सोडून द्यायचा. याच्या अंघोळीचं पाणी! त्या खडकात सरपण कुठलं मिळायला? गाडी नाही आली तर याला पारोसा ठेवायची, पण गार पाण्यानं घालायची नाही. अशक्त होता ना हा.”

“ताई, ते मालात येत नाही,” हे म्हणाले.

“नसेल येत. पण मालगाडीतनंच यायचं ना?”

यांनी वाघिणी एकेक करून खोक्यात ठेवल्या आणि झाकण लावलं.

परतताना बसमध्ये जागा होती तरी हे दांड्याला धरून उभेच. मध्येच वाकून म्हणाले, “बादली कसली होती ते विचारायचं राहिलं.”

त्यानंतर वन्सं जाईपर्यंत यांनी फोनचा पिच्छा सोडला नाही. बादली पितळेची की पत्र्याची? उजव्या हातात की डाव्या? आई उंच होती? पायात काही घालायची का? मी भाजी फोडणीला टाकायची आणि यांनी मला फोन लावून द्यायला सांगायचं. वन्संचा मुलगा वैतागला असणार, पण वन्सं मात्र सांगत होत्या. पत्र्याची. उजव्या. नव्हती रे फारशी. अनवाणीच.

शेवटच्या दिवशी यांनी विचारलं, “चेहरा कसा होता गं?”

मी शेजारीच होते. वन्सं म्हणाल्या, “बाळ्या, आता आठवत नाही रे नीट. मी खोलीच्या दारात उभी असायचे, तू माझ्या कडेवर. ती इंजिनाकडं तोंड करून. आपल्याला तिची पाठच दिसायची.”

“आपल्याला?”

“मग! तू पण बघायचास की. ती पाण्याला गेली की हात नाचवायचास नुसता.”

यांनी फोन माझ्या हातात दिला आणि रडले. इतक्या वर्षांच्या संसारात मी यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. काय करावं सुचेना, म्हणून मी स्वच्छ असलेला ओटा पुन्हा पुसत राहिले. वन्सं फोनवर “बाळ्या, आहेस का?” म्हणत होत्या. “आहेत,” मी सांगितलं.

आता वाघिणींवर यांनी ताडपत्री ओढली आहे. जाताना तशाच, येताना तशाच. आत काय आहे ते विचारायची सोय नाही.

फळीवरच्या गार्डाच्या मिशा यांनी एका केसाच्या ब्रशने रंगवल्या होत्या. आईला मात्र चेहरा काढला नाही. तारेची आणि मातीची केली, माझ्या नखाएवढी, अनवाणी. टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा पत्रा कापून बादली केली. इंजिन थांबतं तिथे, इंजिनाकडे तोंड करून तिला चिकटवली. आणि स्वतःचं स्टूल उचलून सांधेवाल्याच्या खोलीमागे ठेवलं. तिथे बसलं की तिची पाठ दिसते.

काल चहा द्यायला गेले तर गाडी स्टेशनात उभी आणि हे स्टुलावर बसलेले. बटणावर हात नाही, हातात हत्यार नाही, नुसते बसलेले. चहावर साय धरायला लागली तरी गाडी हलेना.

“अहो, बंद पडली का? सोडा की गाडी.”

“थांब गं,” हे म्हणाले, “बादली भरू दे.”