निळ्या ड्रमातली शिंदी

माझी लेक एंजल दुपारी दीड तास झोपते. तेवढ्यात मला नर्सरीतून पाम निवडून आणायचा होता. अंगणात फरशी बसवल्यापासून माती उरलेलीच नाही, म्हणून निळा ड्रम अर्धा कापून, बुडाला भोकं पाडून फाटकाजवळ ठेवला होता.

गेल्या वर्षी मीच चुकले. काटे नकोत म्हणून अरेका पाम आणला. बोअरचं पाणी आणि मार्चचं ऊन, त्याची टोकं करपून गेली. ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवाराच्या आदल्या दिवशी आमच्या श्रीरामपुरात घरोघर पातीचे क्रूस वळतात. माझा, त्या करपलेल्या पातीचा, वळता वळताच चिरला. कडेवरच्या एंजलच्या हातात मिरवणूकभर प्लास्टिकचं पान होतं. पूर्वी ओढ्याकाठी शिंदीची झाडं होती, झावळ्या तिथूनच यायच्या. रस्ता रुंद झाला तशी ती गेली.

यंदा ठरवलं होतं, ज्याच्या पातीचा क्रूस वळेल तोच पाम न्यायचा.

"ताई, पानं तोडू नका," नर्सरीवाला गोरक्ष म्हणाला.

"एकेकच पात. फुकट नाही नेत."

फॉक्सटेल पामची पात आखूड, दुसऱ्या घडीलाच फाटली. बाटलीसारख्या बुंध्याच्या पामची छान वळली.

"याला ऊन चालतं?"

"दुपारची सावली लागती थोडी."

"आमच्या अंगणात दुपारी सावली फक्त वाळत घातलेल्या कपड्यांची असते."

मागे भिंतीशी, गोणपाटात मूळ गुंडाळलेली एक शिंदी पडली होती. मी तिची पात ओढली, वळली. क्रूसाचे चारही कोपरे घट्ट बसले.

"ती बांधावरची हाय," गोरक्ष म्हणाला. "काटे बघा तिचे. लोक शोभेला झाड नेतात, तुमी बोचायला नेताय."

"चढवा रिक्षात."

घरी आले तर एंजल उठून पायरीवर आजीच्या मांडीत बसली होती. सासूबाईंनी गोणपाटाकडे पाहिलं आणि तिला खाली ठेवलं.

"ही माझ्या दारात न्हाई."

सासरे शिंदीच्या ताडीनं गेले, माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी. मला ते ठाऊक होतं. ठाऊक असूनच मी ती आणली होती.

"ह्या झाडानं माझं घर पिलं," त्या म्हणाल्या, "आन् तू त्याला ड्रमात बसवून पानी घालनार."

"झाडानं नाही पाजली, आई. त्याच्या गळ्याला सुरी लावणाऱ्यानं पाजली. हिला सुरी लावायला कुणाला मी फाटकाच्या आत येऊ देणार नाही."

"लई बोलाय लागलीस."

"हो."

माती, वाळू आणि शेणखत कालवून मी शिंदी उभी केली. एंजलनं पेल्यानं पाणी घातलं, निम्मं स्वतःच्या पायावर.

चार दिवस सासूबाई मागच्या दारानं आल्या-गेल्या. देवळात, म्हणजे चर्चलासुद्धा, शेजारच्या बोळातून. पुण्याहून नवऱ्याचा, पॉलचा, फोन आला, "न्हाणीजवळ ठेव ना मागं. कशाला वाद?"

"मागं ऊन नाही," मी म्हणाले. "आणि तोंड लपवून राहायला तिनं काही केलेलं नाही."

पाचव्या दिवशी मी कपडे वाळत घालत होते. फाटक वाजलं. सासूबाई भाजीची पिशवी घेऊन पुढून आल्या आणि ड्रमापाशी थांबल्या. एक पात दोन बोटांत धरून त्यांनी टोकापर्यंत निरखली. मग देठाशी बोट नेलं, काटा टोचून पाहिला.

"खालचे काटे छाट. पोरगी चालती झालीय."

"छाटते."

"आन् पानी कमी घाल. हिला लागत न्हाई एवढं."

त्या आत गेल्या. मी कात्री आणली, एंजलला पायरीवर बसवलं आणि तिच्या उंचीपर्यंतचे सगळे काटे काढले. झावळी एकही तोडली नाही. झावळ्यांच्या रविवाराला अजून अकरा दिवस होते.