बाबांचा आठ नंबर

बाबांच्या सात नंबरच्या क्लबच्या, म्हणजे गोल्फच्या काठीच्या, पात्यावर नाण्याएवढा एक चकचकीत डाग होता, बरोब्बर मधोमध. बावीस वर्षं चेंडू तेवढ्याच जागी लागून पोलादावरच्या बारीक खाचा गुळगुळीत झाल्या होत्या. बाबा गोल्फच्या मैदानावर गवत राखायला होते. सोमवारी मैदान बंद असे आणि कामगारांना खेळायची मुभा मिळे. मला त्यांनी त्याच दिवशी, त्याच क्लबांनी शिकवलं.

कॉलेजच्या संघात पाच जागा होत्या आणि यादीत मी सहावी होते. निवडीचा सामना दहा दिवसांवर आला होता. पुढच्या वर्षी कॉलेज संपणार, म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

बाबांचे क्लब घेऊन मी क्लब दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. त्या दुरुस्तीवाल्याने दुकानामागच्या सरावाच्या जाळीत मला वीस चेंडू मारायला लावले. आधी क्लबवर पांढरी पावडर फासली होती, म्हणजे चेंडू कुठे लागला ते दिसतं. बाबांचा डाग एक, माझे कांजिण्या आल्यासारखे सगळीकडे. वडील मधोमध खेळतात, तुम्ही चौफेर खेळता, तुम्हाला माफ करणारे क्लब हवेत, असं तो म्हणाला. मग त्याने एक वापरलेला संच काढला. रुंद, पाठीला जाड. चेंडू कडेला लागला तरी बऱ्यापैकी सरळ जातो. त्यातला आठ नंबर हरवला होता म्हणून स्वस्त. दोन महिने शिकवण्या करून साठवलेले पैसे तेवढ्यालाच पुरत होते. आठ बाबांचाच ठेवायचा, असं मी ठरवलं.

निघताना तो म्हणाला, आकड्यांवर जाऊ नका, यांचा कोन वेगळा असतो, त्याच आकड्याला अंतर वेगळं पडतं, आधी मैदानात मारून बघा. विकणाऱ्याची बडबड समजून मी ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. सराव केला तो जाळीतच. जाळीत सगळेच चेंडू चार पावलं जातात.

बाबांनी नवा सात हातात घेतला, उलटासुलटा केला, "जाड आहे," एवढंच म्हणाले आणि पुसून पिशवीत ठेवला. मला वाईट वाटलं, पण फार नाही. मला संघात जायचं होतं.

सामन्याच्या दिवशी पिशवी उचलायला घरचं माणूस चालत होतं, म्हणून बाबा आले. आमची पद्धत ठरलेली. बाबा अंतर बघून आकडा सांगत, लांबच्याला लहान, जवळच्याला मोठा, आणि मी तो क्लब काढून मारत असे. गेली आठ वर्षं त्यांचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सातव्या होलला ते म्हणाले, "सात." मी सात मारला. फटका सुरेख बसला आणि चेंडू भोकावरच्या झेंड्यावरून पलीकडच्या झुडपात गेला. दोन फटके वाया.

"तुमचं सगळं गणित जुन्या क्लबांचं आहे," मी म्हटलं. "आता काही सांगू नका."

चूक माझी होती. दुरुस्तीवाल्याने मला सांगितलं होतं, बाबांना नाही. ते कळत असूनही राग त्यांच्यावरच निघाला.

त्यानंतर बाबांनी आकडा सांगितला नाही. मी अंदाजाने खेळत राहिले. प्रत्येक फटक्यानंतर ते मागे रेंगाळत, खाली मान घालून सावकाश येत. रुसलेत, असं मी धरून चालले, आणि माझी लाज वाढत गेली.

अठराव्या होलला प्रशिक्षक कडेला उभे होते. पाचव्या मुलीचा खेळ संपला होता. मला आता तीन फटक्यांत आटपलं तरच जागा मिळणार होती. पुढे तळं, तळ्यापलीकडे एकशे तीस पावलांवर झेंडा. हे बाबांच्या आठचं अंतर, एवढं मलाही ठाऊक होतं. शिवाय त्यांचा क्लब घेतला तर त्यांना बरं वाटेल, असंही मनात होतं. मी आठला हात घातला तर त्यांनी माझा हात धरला.

"तो नको. नऊ घे."

"नऊ पाण्यात जाईल, बाबा."

"जुना गेला असता. हा एकशे तीस पावलं जातो. आज दोनदा मोजलंय."

म्हणजे ते रेंगाळत नव्हते. मी तोडून बोलल्यापासून ते माझा प्रत्येक फटका पावलांनी मोजत आले होते. मी नऊ मारला.

फटका मधोमध बसला नाही. हाताला तेव्हाच कळलं. तरी चेंडू तळं ओलांडून काठावरच्या बारीक गवतावर पडला आणि थांबला. आणखी दोन फटक्यांत तो भोकात गेला. प्रशिक्षकांनी माझं नाव लिहून घेतलं.

बाबांनी नऊ पुसायला घेतला. चेंडूचा ठसा टोकाशी उमटला होता.

"माझ्या आठने हा बुडाला असता," ते म्हणाले.

मग त्यांनी आपला आठ पिशवीतून काढून काखेत धरला. "दुरुस्तीवाल्याकडे सुटा आठ बघ," म्हणाले, "हा मला सोमवारी लागतो."